आंघोळीची तारीख

शिरगाव, बदलापूर पूर्व
२४ ऑक्टोबर २०२५

जनीस,

नमस्कार लिहीत नाही, कारण तू माझ्याहून पाच वर्षांनी लहान. आशीर्वाद लिहीत नाही, कारण मी रागात आहे. तेव्हा सरळ कामाचं लिहिते.

मी कुंदा. तुझी थोरली बहीण. एकोणतीस वर्षांत अक्षर विसरली असशील म्हणून नाव लिहिलं.

काल भाऊबीज होती. कमळाकर आला. मी ओवाळलं, त्याने पेढा खाल्ला आणि ओवाळणीच्या ताटात पाकीट ठेवलं. मला वाटलं साडीबिडी घ्यायला दिलं असेल. उघडलं तर आत टाइप केलेला कागद. वर लिहिलंय ‘प्रतिज्ञापत्र’. आईच्या नावाने. म्हणाला, "ताई, वाचून ठेव. सोळा नोव्हेंबरला रविवारी नोटरी घरी येणार आहे. आईचा अंगठा पाहिजे, बाकी काही नाही."

आई दीड वर्षं अंथरुणावर आहे. खुब्याचं हाड मोडलं, ते जुळलं नाही. तिला खुर्चीत बसवायला दोन माणसं लागतात, कचेरीत कोण नेणार. म्हणून नोटरीच घरी येणार. हिंदुराव वकील म्हणून आहेत. दर रविवारी स्कूटरवर शिक्का, शाईचा पॅड आणि रजिस्टर घेऊन शिरगावात अशाच खिळलेल्या म्हाताऱ्यांकडे फिरतात. माणूस वाईट नाही म्हणतात.

आता कागदात काय आहे ते सांगते. आपली जांभूळ गावातली जमीन कमळाकर एका बिल्डरला देतोय. बाबा गेले तेव्हा वारस म्हणून आई, कमळाकर आणि मी अशी तीन नावं लागली. आता बिल्डरचा वकील विचारतो, रेशनकार्डावर जुन्या काळी चौथं नाव होतं त्याचं काय? म्हणून आईने शपथेवर सांगायचं आहे. वाक्य जसंच्या तसं उतरवते: ‘माझी धाकटी मुलगी जनी ही दिनांक ११ मे १९९६ रोजी अविवाहित असताना मयत झाली असून तिला कोणीही वारस नाही.’

मयत, जनी. तू.

तारीख ओळखलीस का? तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी बाबांनी अख्ख्या घराला तुझ्या नावाने आंघोळ घालायला लावली. मेलेल्या माणसाच्या नावाने करतात तशी. ती ही तारीख. मेल्याचा दाखला नाही, म्हणून कमळाकरने आंघोळीची तारीख टाकली. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. पेढा खात होता.

मला तुझ्याकडून एकच गोष्ट पाहिजे. तुझ्या आधारकार्डाची झेरॉक्स, तिच्यावर तुझी सही. मी दुसरा कागद करून घेणार आहे. त्यात तू जिवंत असशील. पण त्यासाठी तुझं आत्ताचं पूर्ण नाव आणि पत्ता लागतो. सोळा तारखेच्या आत पाठव. बाकी तुझ्याशी मला काही बोलायचं नाही.

कुंदा

शिरगाव
४ नोव्हेंबर

जनी,

आज पोस्टमनने माझं स्पीड पोस्ट परत आणून दिलं. पाकिटावर निळ्या पेनाने लिहिलंय, ‘घेण्यास नकार’.

वा. बदलापूरहून उल्हासनगर, मध्ये फक्त अंबरनाथ. तेवढं गेलं, तुझ्या दारात उभं राहिलं आणि परत आलं. स्वप्नाली, म्हणजे आमची शेजारीण, पाकीट बघून म्हणाली, "काकी, ॲड्रेस राँग असेल ना." मी म्हटलं, ॲड्रेस बरोबर आहे, माणूस राँग आहे.

हे पत्र साध्या पोस्टाने पाठवतेय. साधं पत्र नाकारता येत नाही, दाराच्या फटीतून आत पडतं. परत आलेलं पाकीटही न फोडता ह्यात घातलंय. ते आधी वाच, मग हे.

तुला राग आलाय का? कशाचा ग? राग करायचा हक्क तुझा की माझा, एकदा समोर बसून ठरवू. तू ८ मेला गेलीस. माझं लग्न १६ मेला होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. आपल्या आळीतल्या बायका जात्यावर हळद दळायला बसणार होत्या. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाकडचे दोघे पुरुष आले, चहासुद्धा घेतला नाही. ‘धाकटी अशी, तर थोरली कशी असेल’ एवढं बोलले आणि गेले. पुन्हा कोणी विचारायला आलं नाही. सव्वीस वर्षं मी अंबरनाथ एमआयडीसीत पॅकिंगला उभी राहिले. पायाच्या शिरा फुगल्यात, संध्याकाळी दोरीसारख्या दिसतात. तू तिकडे दुकानाच्या गादीवर बसलीस.

तू म्हणशील, मला दुकान, गादी कसं माहीत? पत्ता कुठून मिळाला? पिशवीवरून मिळाला. ते पुढे कधीतरी सांगेन.

काल मी हिंदुराव वकिलांच्या ऑफिसात जाऊन आले. कमळाकरला न सांगता. त्यांना विचारलं, आईची काय काय तयारी ठेवायची? त्यांनी सांगितलं, आधार, दोन फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी की बाई शुद्धीत आहेत, आणि ओळखणारी दोन माणसं. मग मी विचारलं, आणि कागदात खोटं असेल तर?

चष्म्यावरून बघितलं त्यांनी. म्हणाले, "बाई, खरं-खोटं मला कुठून कळणार? पण मी कागद मोठ्याने वाचतो. मग शपथ देऊन विचारतो, समजलं का, मान्य आहे का. त्या नाही म्हणाल्या तर माझा शिक्का पिशवीतून बाहेर येत नाही."

मी म्हटलं, आणि दुसरा कागद असेल तर? त्या कागदात आईला मुली दोन आणि दोन्ही जिवंत?

"तर तोही वाचेन. फक्त त्यात रिकामी जागा नको. रिकाम्या जागेवर मी शिक्का मारत नाही."

येताना टायपिंगवाल्याकडे बसून दुसरा कागद करून घेतला. त्यात एक ओळ अशी आहे: ‘धाकटी मुलगी जनी’, पुढे रिकामं, ‘हल्ली राहणार’, पुढे रिकामं. टायपिंगवाला विचारत होता, मॅडम, इथे काय टाकू? मी म्हटलं, राहू दे. सख्ख्या बहिणीचं नाव मला माहीत नाही हे त्याला काय सांगू? लग्नात मुलीचं नाव बदलतात. तुझं काय ठेवलं असेल कोण जाणे. ह्या दोन रिकाम्या जागा तू भर. तेवढंच काम आहे.

कुंदा

शिरगाव
११ नोव्हेंबर

जनी,

सात दिवस झाले, तुझा कागद नाही. हे पत्र अक्षयच्या हातून पाठवतेय. तो आमच्या बिल्डिंगमधला, रिक्षा चालवतो, एमआयडीसीतल्या पाळीची माणसं सोडतो. त्याला सांगितलंय, दुकानात जा, गल्ल्यावरच्या बाईच्या हातात दे, नोकराच्या देऊ नको.

आता आपल्याकडे पाचच दिवस आहेत आणि मी आतापर्यंत तुला अर्धंच लिहिलंय. मला वाटलं होतं नुसतं रागावून काम होईल. नाही होत. उरलेलं ऐक.

बाबा २०१४ ला गेले. तेव्हा वारस नोंदीला प्रतिज्ञापत्र झालं होतं, त्यातही तू मयत होतीस, नुसती, तारखेशिवाय; म्हणून बिल्डरच्या वकिलाला आता नवा कागद पाहिजे. आईने त्यावर अंगठा दिला. तिला कोणी वाचून दाखवलं नव्हतं. खाली ‘अंगठा देणाऱ्या बाईस मी ओळखते व मजकूर खरा आहे’ म्हणून एक सही आहे. ती माझी. मी वाचून केली. चष्मा लावून, दोनदा वाचून. कमळाकरने माझा हात धरला नव्हता. तू जिवंत आहेस हे मला माहीत होतं, कारण त्याच्या तीन वर्षं आधी मी तुला बघितलं होतं.

तुलाही आठवत असणार. नाही म्हणू नकोस. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये पडद्याच्या कापडाच्या दुकानात मी शिरले, आणि गल्ल्यावर तू. अंगावर पंजाबी ड्रेस, केसांना मेंदी, मांडीवर एक मुलगी पेंगत होती. तू माझ्याकडे बघितलंस. पुरतं बघितलंस. आणि म्हणालीस, "दीदी, कौनसा रंग दिखाऊँ?"

मी म्हटलं, "हरा. तीन मीटर."

तू कापड मोजलंस. मोजताना तुझं लक्ष कापडावर नव्हतं, म्हणून तीनाच्या जागी सव्वातीन आलं. दुकानाचं नाव-पत्ता छापलेली पिशवी घेतली आणि मी बाहेर पडले. बाहेर उसाच्या गाडीपाशी मी किती वेळ उभी होते मला आठवत नाही. घरी येऊन आईला सांगितलं, पडदे स्टेशनजवळ घेतले. आईने ती पिशवी मागून घेतली. "चांगली जाड हाय," म्हणाली. तेव्हापासून तिचं रेशनकार्ड, आधार, दवाखान्याचे कागद सगळे त्याच पिशवीत असतात. तुझ्या दुकानाचा पत्ता चौदा वर्षं आईच्या उशाशी आहे.

अजून एक सांगते आणि संपवते. आंघोळीच्या दिवशी विहिरीवरून पाणी मी काढलं. लोक म्हणाले असतील, दौलतरावांनी पोरीला दटावून काढायला लावलं. खोटं आहे. बाबांनी कमळाकरला सांगितलं होतं. मी त्याच्या हातून दोर ओढून घेतला. मला काढायचं होतं. माझं लग्न दोन दिवसांपूर्वी मोडलं होतं आणि मला तू मेलेली हवी होतीस. चोवीस कळशा काढल्या. हाताची सालं निघाली.

आणि ज्याचा हात धरून तू गेलीस, त्या मुकेशच्या दुकानात तुला पाठवलं कोणी? मी. ब्लाउजांच्या अस्तराला. एकदा आणलंस ते चॉकलेटी निघालं, मी म्हटलं बदलून आण. मग रंग जुळेना म्हणून पुन्हा. चार वेळा पाठवलं तुला. माझ्याच लग्नाच्या अस्तराने हे सगळं झालं, हा विचार मी कितीदा केला असेल त्याला गणती नाही. ह्याचाही राग तुझ्यावरच काढला.

हे वाचून तू झेरॉक्स नाही पाठवलीस तर मी समजू शकते. पण पाठव.

काल मी आईला कमळाकरचा कागद वाचून दाखवला. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी विचारलं, आई, अंगठा देणार आहेस का? तिने पांघरूण तोंडावर ओढलं. एकोणतीस वर्षांत तिने तुझं नाव घेतलं नाही, ते कालही घेतलं नाही. मला तिचाही राग आला. रात्रीचं जेवण तिला बोलल्याशिवाय भरवलं. तिच्या मनात काय आहे मला खरंच माहीत नाही. मुलाला दुखवणार नाही ती, असंच मला वाटतं. हा फ्लॅट त्याच्या नावावर आहे. ‘माझ्या छपराखाली राहता’ हे तो तोंडाने बोलत नाही, पण नळ दुरुस्त करायला माणूस पाठवतो तेव्हासुद्धा ऐकू येतं.

कुंदा

शिरगाव
१६ नोव्हेंबर, दुपार

जनी,

अक्षयने काल संध्याकाळी तुझं पाकीट आणून दिलं. म्हणाला, "काकी, त्या बाईंनी मला हात करून रोखलं, हे दिलं, आणि लगेच आत गेल्या." आत फक्त झेरॉक्स. एक ओळ नाही. ठीक आहे, मी मागितलं तेवढंच तू दिलंस.

जनी मुकेश रोहरा. नाव तेच ठेवलंस तू. मी पंधरा मिनिटं त्या नावाकडे बघत बसले आणि मग स्वतःवरच चिडले, कारण टायपिंगवाला बंद व्हायची वेळ झाली होती. रिक्षाने जाऊन दोन्ही जागा भरून आणल्या.

आज सकाळी आईला न्हाऊ घातलं. हिरवं नऊवारी नेसवलं, खाटेवरच. अंगठा उमटावा म्हणून लिंबाच्या सालीने घासला. भातलावणीने त्या अंगठ्याच्या रेषा कधीच पुसल्यात, बँकेत तीन-तीनदा दाबावा लागतो. घासताना ती म्हणाली, "कशाला घासतंस? राहू दे." तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

साडेदहाला हिंदुराव आले. कमळाकर त्यांच्या मागोमाग. ओळखीला स्वप्नाली आणि अक्षय. हिंदुरावांनी कागद मागितले, आईने उशाखालून पिशवी काढून दिली. तुझी पिशवी. कमळाकरचं तिच्याकडे लक्षही गेलं नाही.

हिंदुरावांनी कमळाकरचा कागद मोठ्याने वाचायला घेतला. कमळाकर म्हणाला, "साहेब, आईला ताईने वाचून दाखवलंय. अंगठा घ्या, तुम्हाला पुढे पण जायचंय."

"मी वाचल्याशिवाय घेत नाही," हिंदुराव म्हणाले, आणि वाचत राहिले. ‘मयत झाली असून’ आलं तेव्हा आईने हात वर केला.

"कवा मेली?"

त्यांनी पुन्हा कागद बघितला. "अकरा मे एकोणीसशे शहाण्णव."

मग आई बोलली, वकिलांकडे बघून, आमच्याकडे नाही. "ती आंघोलीची तारीख हाय. त्या दिसाला सगल्यांनी आंघोल केली. मी केली नाय. मना हात धरून उठवत होते, मी उठले नाय. तीन दिस पानी अंगाला लावलं नाय. मग माजी पोर कशी मेली?"

कमळाकर म्हणाला, "आई, हा कायद्याचा कागद आहे. आंघोळ कसली काढतेस मध्येच?"

"मी नाय काढली," आई म्हणाली. "तारीख तू टाकलीस."

जनी, मी तिथेच खाटेच्या कडेला बसले होते. मला आठवलं ग. मी कळशा ओतत होते, घरातली सगळी एकेक करून पडवीत येत होती, आणि आई चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती. मला तेव्हा वाटलं होतं, रडून थकली. मी इतकी वर्षं तेच समजत होते.

हिंदुरावांनी कमळाकरचा कागद घडी घालून त्याला परत दिला. शिक्का त्यांच्या पिशवीतच होता. मग मी माझा कागद पुढे केला. तोही त्यांनी शेवटपर्यंत वाचला. ‘मला एक मुलगा व दोन मुली असून तिघेही हयात आहेत.’ विचारलं, समजलं का? मान्य आहे का?

"हो. पेन द्या."

हिंदुराव म्हणाले, "आजी, पॅड आहे ना, अंगठा द्या. तुमचा सगळीकडे अंगठाच आहे."

"आदी सही. मंग घ्या अंगठा."

कमळाकर हसला. "तिला सही कुठे येते?"

मीही तेच म्हणणार होते. तोंड उघडलं होतं मी. आणि तिने पेन धरला, आणि कागदाला टेकवायच्या आधी हवेत बोट फिरवलं, जसं परातीतल्या पिठात फिरवायची तसं. तू पाचवीत असताना शिकवायचीस तिला. भाकरीचं पीठ पसरून, तिचं बोट धरून. मी तुम्हा दोघींना हसायचे. तू गेल्यावर तिने कुठे सही केली नाही. बँकेत, रेशनला, बाबांच्या कागदावर, सगळीकडे अंगठा. आम्हाला वाटलं विसरली.

पाच मिनिटं लागली. हिंदुराव खुर्चीत न हलता बसले होते. ‘इंदुबाई’ लिहिलंय. ‘बाई’ ओळीच्या खाली उतरलंय, पण आहे. मग त्यांनी अंगठा घेतला, लाल स्टिकर लावलं, दाबाचा शिक्का मारला, आणि रजिस्टर पुढे ओढलं. आईने तिथेही सही केली. तुझी झेरॉक्स तिच्या हातात होती, जोडायला मागितली तर सोडेना. झेरॉक्समध्ये तुझा चेहरा म्हणजे नुसता काळा डाग आहे, तरी अंगठ्याने पुसून बघत होती. शाई ओली होती, तुझ्या गालावर तिचा अंगठा उमटला. शेवटी अक्षयने मोबाइलवर झेरॉक्सचा फोटो काढला आणि खाली जाऊन दुसरी प्रत छापून आणली, ती जोडली. पहिली तिच्याकडेच आहे.

कमळाकर जाताना दारात चपला घालत बोलला, "ताई, महिनाअखेरीला फ्लॅट मोकळा करा." मी म्हटलं, करते. एवढं सोपं उत्तर त्याला अपेक्षित नव्हतं.

मला तू माफ करावंस असं मी म्हणत नाही. मी तुला केलंय की नाही हेही अजून मला ठाऊक नाही. चोवीस कळशांचं पाणी एका शिक्क्याने सुकत नाही. पण आई दुपारपासून एकच विचारतेय, उल्हासनगर किती लांब. मी सांगितलं, अक्षयची रिक्षा आहे, खाट मावणार नाही, पण तू मागे आडवी मावशील.

तेव्हा पुढच्या रविवारी आम्ही येतोय. दुकान उघडं ठेव. आम्हाला नवीन घर शोधायचंय, पडदे तर लागतीलच. मी दुकानात शिरेन, तू गल्ल्यावर असशील. आणि ऐक, ह्या खेपेला माझ्याशी हिंदीत बोललीस तर भर बाजारात मोठ्याने तुझं नाव घेईन, जनी दौलतराव कराळे म्हणून, आणि आई रिक्षातून ओ देईल.

तुझी ताई